पंचविसावी पाटी

लाल ठिपका मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी दिसला. तो माझ्याच गावावर होता.

आदल्या दिवशीच आम्ही ‘नितळ’वर नवी सोय सुरू केली होती. तिचं नाव ‘ताळा’, आणि तिचं गणित बहुतेक मी लिहिलेलं होतं. पुण्याच्या केंद्रात सगळे माझ्या टेबलाभोवती चहा घेऊन उभे होते. महाराष्ट्राच्या नकाशावर पहिले अकरा लाल ठिपके उमटले तेव्हा कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. अकरावा ठिपका रायगडच्या किनाऱ्यावर होता. मी तो मोठा करून पाहिला. तिवरबंदर. मासळी लिलावगृह.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

‘नितळ’ म्हणजे काय, हे मी एकदा आईला समजावलं होतं. सरकार जे जे मोजतं ते सगळं तिथे एका जागी असतं: शाळेतली हजेरी, दवाखान्यात आलेले ताप, वीज गेल्याचे तास, कचऱ्याच्या डब्यांची वजनं, बंदरावर उतरलेली मासळी. कुणीही फोनला तोंडी विचारावं, फोन आलेख काढून देतो. एका आलेखावर दुसरा ठेवून पाहता येतो, तो पुढे पाठवता येतो, आणि त्यावर दुसऱ्या गावचा माणूस वादही घालू शकतो.

“म्हंजे माझ्या घरात काय शिजतंय ते पुण्याला दिसतं?” आईने विचारलं होतं.

“घर नाही दिसत. गाव दिसतं.”

“कसं काय? गाव घरांचंच असतंय ना?”

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर हेच ‘नितळ’चं खरं कौतुक आहे. समजा, एका वर्गात चोरून कॉपी करणारी मुलं किती, हे जाणून घ्यायचं आहे. सरळ विचारलं तर कुणी खरं सांगणार नाही. मग प्रत्येकाने आपल्यापुरतं नाणं उडवायचं. छापा पडला तर खरं उत्तर द्यायचं, काटा पडला तर काहीही असो, ‘हो’ म्हणायचं. आता कुणीही ‘हो’ म्हणालं तरी त्याच्यावर बोट ठेवता येत नाही, कारण त्याचा काटा पडला असेल. पण सगळ्या वर्गाची उत्तरं एकत्र केली, की काट्यामुळे आलेले, म्हणजे वर्गाच्या निम्म्या मुलांचे, ‘हो’ वजा करून खरा आकडा काढता येतो. एक माणूस झाकला जातो आणि समूह दिसतो. ‘नितळ’ प्रत्येक आकडा बाहेर सोडण्याआधी त्यात अशीच थोडी बेभरवशाची भर-घट करतं. आम्ही तिला ‘कुजबुज’ म्हणतो. ही कुजबुज नसती तर इतके आकडे लोकांसमोर ठेवायची कुणाची हिंमत झाली नसती.

आणि आकडे उघड झाल्याने काय होतं हे तिवरबंदरने पाहिलं होतं. आमच्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन हरेश दोरकर. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा. त्याने तीन वर्षांपूर्वी वीज गेल्याचे तास आणि फेकून दिलेली मासळी हे दोन आलेख एकमेकांवर ठेवले. दोन्ही रेषा जुळ्या बहिणींसारख्या चालत होत्या. तो आलेख त्याने जिल्ह्याच्या बैठकीत भिंतीवर लावला आणि चार महिन्यांत गावात बर्फाचा कारखाना उभा राहिला. गावात त्या आलेखाची प्रत अजून सोसायटीच्या भिंतीवर आहे, देवीच्या तसबिरीशेजारी.

‘ताळा’ त्याच्या एक पाऊल पुढे जातो. पाण्याच्या टाकीत जेवढं आलं तेवढंच कुठेतरी जायला हवं. धान्य, वीज, औषधं, मासळी, सगळ्याचं तेच. ‘ताळा’ सगळे आकडे तपासत फिरतो आणि जिथे आत आलेलं आणि बाहेर गेलेलं जुळत नाही तिथे लाल ठिपका ठेवतो.

मासळीचा ताळा कुठेच तंतोतंत जुळत नाही. होडीच्या तळातला वजनमापक एक सांगतो, लिलावगृहाचा काटा त्याहून कमी सांगतो. मध्ये बर्फ वितळतो, पाणी गळतं, मांजरं असतात. पण ही घट रोज वेगळी असते, तिचा आलेख दातेरी करवतीसारखा दिसतो. तिवरबंदरची ही नेहमीची घट वजा केल्यावर खाली जे उरलं ते करवतीसारखं नव्हतं. ती जवळजवळ सरळ रेघ होती. चार टक्के. पाच वर्षं.

निसर्ग एवढी सरळ रेघ ओढत नाही. माणूसच ओढतो.

चार टक्के म्हणजे पंचवीस पाट्यांमागे एक पाटी, रोजच्या पन्नासेक पाट्यांत दोन, काट्यावर चढतच नव्हती. आणि गेली एकतीस वर्षं त्या काट्यावर एकच बाई बसत होती. चांगुणाकाकी.

*

हरेशचा फोन दुपारी आला.

“केतकी, तुझा ठिपका बघितला.”

“माझा नाही तो.”

“तूच केलास ना तो ताळा? झकास केलास. पण आता मी काय करू ते सांग.” तो म्हणाला. “काकीला विचारलं. म्हणाली, ती देवीची पाटी. आपल्या सगळ्यांना माहीतच आहे ते, आज्यांपासून ऐकतोय. देवीची पाटी, देवीची पाटी.”

“मग झालं की.”

“काय झालं? देवळाचे आकडेपण नितळवर आहेत. नारळ किती, तेल किती, तांदूळ किती, सगळं आहे. मासळी शून्य. आपली देवी मासे खात नाय केतकी, पुजारी तर माळकरी आहे! मग रोज दोन पाट्या जातात कुठे?”

मी देवळाचा आलेख उघडून बघितला. खरंच शून्य.

“रविवारी सभा आहे,” तो म्हणाला. “सतरा होडीवाले आहेत, सगळे विचारतायत. काकीने सांगितलं नाही तर तिला काट्यावरून उठवावं लागेल. मला आवडतंय असं समजू नकोस. माझ्या बारशाला तिने मला त्याच काट्यावर जोखलेलं. पण सगळ्यांना उघड दिसलं पाहिजे, हे मीच बोंबलत फिरलोय ना गावात? आता माझ्याच काकीसाठी डोळे मिटू?”

तो चूक बोलत नव्हता, तीच अडचण होती. मी शुक्रवारी सकाळच्या बसने निघाले.

*

होड्या साडेतीनला लागल्या. लिलावगृहात नेहमीचा गलका होता. बायका पाट्या ओढत होत्या, बर्फाचा चुरा पायाखाली करकरत होता. चांगुणाकाकी काट्याच्या मागे लाकडी पेटीवर बसली होती. पाठ ताठ, नऊवारीचा काष्टा घट्ट, कपाळावर आडवं कुंकू. तिच्यासमोरून पाटी गेली की ती वजन मोठ्याने बोलायची. यंत्र तेच वजन आपोआप नोंदवत असूनही.

“चौदा किलो दोनशे. बावीस. बारा किलो नऊशे. तेवीस.”

वजनामागचा तो लहान आकडा पाट्यांच्या मोजणीचा होता. काल जिथे मोजणी थांबली तिथून आज पुढे. म्हणजे पंचविसावी पाटी कधी कुणाच्या होडीची येईल ते आधी सांगता येत नव्हतं. नमुना निवडायची ही पद्धत मला दुसऱ्या वर्षाला शिकवली होती.

चोविसावी पाटी गेली. पंचविसावी पुढे आली ती काकीने पायाने हळूच डावीकडे सरकवली. कुणी पाहिलंही नाही. मग तिने तिच्यावर ओलं गोणपाट टाकलं. उजवीकडे लिलावात विकलेल्या आणि गावातल्या घरांत जाणाऱ्या पाट्याही तशाच ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवल्या होत्या. लहानपणापासून मला वाटायचं, ते माश्यांमुळे. वाहून नेणारी बाई आली की काकी तिला नुसतं सांगायची, “चौथी गल्ली, दुसरं दार.” बाई उचलायची आणि चालू लागायची. पाटी विकत घेतलेली आहे की आणखी कसली, हे तिलाही कळत नव्हतं.

गर्दी ओसरल्यावर मी पेटीशेजारी बसले.

“आलीस?” काकी म्हणाली. “तुझ्या त्या ठिपक्याने माझ्या तोंडाला काळं फासलंन गो.”

“काकी, कुठे जाते ती पाटी?”

“देवीला.”

“देवळात नोंद नाही.”

“देवी काय देवळातच बसते?” तिने सुरीने बर्फाचा खडा फोडला आणि मला दिला. लहानपणी द्यायची तसाच. “शिकलीस ना खूप? मग एक सांग. तुझ्या त्या यंत्रात माणसाचं नाव येतं?”

“नाही. नाव येऊ नये म्हणूनच तर इतकी खटपट केलीय.”

“मग माझ्याकडनं कशाला काढतेस?”

“रविवारी तुम्हाला उठवतील इथून.”

“उठेन.” तिने काट्यावर हात फिरवला, गुरांच्या पाठीवरून फिरवतात तसा. “एकतीस वरसं बसलंय. गुडघे नायतरी गेलेच.” मग तिने तोंड समुद्राकडे केलं.

*

शनिवारी सकाळी आई जाळी विणायच्या कामावर गेली आणि मी ओटीवर लॅपटॉप उघडला.

काकी सांगणार नव्हती. पण मासळी खाल्ली की कचरा उरतो. डोकी, काटे, कालवांची टरफलं. गावात दर गल्लीच्या तोंडाला बायोगॅसच्या कारखान्याचे निळे डबे आहेत, आणि गाडी ते उचलताना त्यांचं वजन घेते. मासळीच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा डब्यात येतो. दुसरीकडे, कुठल्या गल्लीत किती मासळी विकत गेली आणि खलाशांच्या वाट्याने किती आली, याचीही नोंद असते. एका गल्लीने घेतल्यापेक्षा जास्त खाल्ली असेल तर जादाची मासळी हीच ती पाटी.

गल्लीच्या आकड्यांवर कुजबुज असते. एका दिवसाचा आकडा विचारला तर तो इतका हलवलेला असतो की त्यातून काही कळत नाही. पण मी एका दिवसाचा विचारणार नव्हते. कुजबुज दर दिवशी नवी असते, कधी वर, कधी खाली. हजार दिवसांची सरासरी काढली की वर-खाली एकमेकांना खाऊन टाकतात आणि ती तिसाव्या हिश्शाहून कमी उरते. खालचं खरं चित्र वर येतं. ही फट मला कागदावर माहीत होती. एवढी चिकाटी कोण दाखवणार, म्हणून आम्ही ती बुजवायचं पुढे ढकललं होतं.

चिकाटी दाखवायला मला चाळीस मिनिटं लागली.

गावाच्या नकाशावर सात गल्ल्या उजळल्या. आमच्याकडे कुठल्या गल्लीत कोण राहतं हे विचारावं लागत नाही. पहिल्या उजळलेल्या गल्लीत चार घरं, त्यातलं एक अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याचं. दुसरीत दोन, त्यातलं एक नवरा सोडून गेलेल्या बाईचं. ज्यांचं कुणी समुद्रावर जात नाही अशी घरं. मला सगळं समजलं आणि लगेच आनंदही झाला. काकी निर्दोष होती, माझ्याकडे पुरावा होता, आणि गणित किती सुंदर बसलं होतं!

मग मी काळाची पट्टी मागे ओढली. २०३३ पासून पुढे, महिना महिना.

एक गल्ली आज उजळलेली नव्हती, पण आधी होती. तीन घरांची. रोज सरासरी अडीच किलो जादा, जून-जुलैच्या मासेमारी बंदीत शून्य, ऑगस्टपासून पुन्हा अडीच. हे २०३५ च्या ऑक्टोबरपर्यंत. नोव्हेंबरमध्ये रेघ शून्यावर आली आणि परत कधीच वर चढली नाही.

त्या तीन घरांपैकी एक बंद असतं. दुसऱ्यात शाकाहारी मास्तर राहतात. तिसऱ्याच्या ओटीवर मी बसले होते.

एक नोव्हेंबर २०३५ ला माझा पहिला पगार झाला होता.

आई बाराला परतली. मी स्क्रीन बंद केली नव्हती. तिला आलेख वाचता येत नाही, पण माझं तोंड वाचता येतं.

“काय गो?”

“बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते,” मी म्हणाले. “आपल्याकडे कायम मासळी असायची. तू म्हणायचीस, विकत आणली.”

आई खाली बसली. पदराने मान पुसली. 

“पहिल्या दिवशी बाई दारात पाटी ठेवून गेली. मी धावत काट्यावर गेले. म्हटलं, मी नाय घेतली ही. चांगुणा मान वर न करता बोलली, ‘तुझ्या दाराचीच हाय.’ बस. पुढे सोळा वरसं एक शब्द नाय. मी आभार मानायला गेले तर उठून गेली. शेजारणीला वाटायचं, मी विकत घेते. सगळ्यांच्याच पाट्या झाकलेल्या.”

“आणि बंद कधी झाली?”

“तुझा पगार झाला त्या दिवशी मी तिला जाऊन सांगितलं, आता दुसऱ्या दाराला. ती बोलली, ‘बरं.’” आईने स्क्रीनकडे बोट केलं. “ते दिसतंय ह्यात?”

“हो.”

“हरेशला दिसेल?”

“त्याने माझ्याइतका वेळ घालवला तर दिसेल.”

आईचा चेहरा मी आजवर असा पाहिला नव्हता. ती चिडली नाही. तिने फक्त लुगडं पोटरीवर ओढून घेतलं, अंगणात कुणी अनोळखी माणूस आल्यासारखं.

मी पुण्याला फोन लावला. आमच्या प्रमुख वैजयंती मॅडम शनिवारीही उचलतात.

“मॅडम, गल्लीची कुजबुज सरासरीने पुसता येते. मी आज पुसली.”

“कागदावर?”

“नाही. माझ्या गावावर.”

 मग त्यांनी दोन वेळा तेच सगळं मला क्रमाने सांगायला लावलं. “प्रश्नांची मर्यादा आजच लागू करते,” त्या म्हणाल्या. प्रत्येक उत्तराबरोबर थोडं गुपित सांडतं, म्हणून एका गल्लीबद्दल एकूण किती सांडू द्यायचं ते ठरवायचं आणि ते संपलं की पुढचं उत्तर नाही. हा उपाय आमच्याकडे लिहून तयारच होता. “रात्रीपर्यंत राज्यभर होईल. तुझ्याकडच्या फायली पुसून टाक. आणि केतकी, तुझा गल्लीपातळीचा प्रवेश सहा महिने बंद.”

“हो मॅडम.”

“सांगितलंस ते बरं केलंस. पण बंद.”

मी फायली पुसल्या. माझा पुरावाही गेला. दुसऱ्या दिवशी सभा होती.

“आता काय सांगशील?” आईने विचारलं.

“माहीत नाही.”

“विचारायचं तर सगळ्यांना विचारा ना. एकट्या चांगुणेला काय विचारताय?” ती भाकरी थापायला उठली.

मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. मग उठून मागच्या दारी गेले आणि कालवणासाठी आणलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्यांच्या ढिगातून दहा शिंपली उचलून आणली.

नाणी गावात आता कुणाकडे नसतात, म्हणून शिंपली; पण शिंपलं नाण्याइतकं प्रामाणिक नसतं. पहिलं शंभरात एकाहत्तर वेळा उताणं पडलं. दुसरं त्याहून लबाड. जेवणं झाल्यावर आई समोर येऊन बसली, तिने उडवायचं, मी खुणा करायच्या. “हे तुझं शिक्षण?” ती म्हणाली. “ह्याच्यासाठी पुण्याला पाठवली?” सातवं शिंपलं चपटं, कडेला झिजलेलं होतं. चारशे वेळा उडवलं. पालथं दोनशे तीन.

“हे चालेल,” मी म्हणाले.

“देवीला कौल लावतात तसं करतेस की काय?”

“जवळपास. फक्त आपला कौल मोजता येतो.”

*

रविवारी होड्या यायच्या आधी लिलावगृह भरलं. काकी पेटीवर नव्हती, खाली बायकांत बसली होती. तिची रिकामी पेटी सगळ्यांना दिसत होती.

हरेशने भिंतीवर ठिपका दाखवला. मग मला पुढे बोलावलं. मी गल्ल्यांचं नाव काढलं नाही. मी फक्त चौकट मोठी केली.

“ताळा मी लिलावगृहाभोवती मांडला होता,” मी म्हणाले. “ती माझी चूक. आता सगळ्या गावाभोवती मांडते. पाच वर्षांत गावाने विकत आणि वाट्याने मिळून रोज सरासरी एकशेदहा किलो मासळी घेतली. डब्यांतल्या कचऱ्यावरून बघितलं तर खाल्ली एकशेचौतीस किलो. फरक चोवीस किलो. रोज दोन पाट्या.”

माझ्या मागे ठिपका लालचा राखाडी झाला आणि विरून गेला. गावाभोवती मांडलेला ताळा जुळत होता.

“म्हणजे बाहेर विकली नाही,” होडी हाकणारा एक म्हातारा तांडेल म्हणाला.

“एक किलोही नाही. इथेच खाल्ली गेली.”

हरेशने मान हलवली. तो हुशार आहे. “बरं. पण कुणी? काकीच्या माहेरच्यांनी खाल्ली असेल तर? गल्लीवार काढ, म्हणजे संपलं.”

“गल्लीवार आता निघत नाही. काल रात्रीपासून बंद केलंय. कारण ते निघत होतं.”

गलका झाला. कुणीतरी ओरडलं, “मग आमाला कसं कळायचं?”

“विचारून,” मी म्हणाले, आणि शिंपलं वर धरलं.

प्रत्येक घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईने जाळ्याच्या पडद्याआड जायचं, एकटीने. शिंपलं उडवायचं. उताणं पडलं तर खरं सांगायचं: आपल्या घरी, आज किंवा पूर्वी कधी, न घेतलेली पाटी आली होती का. पालथं पडलं तर काही विचार न करता ‘हो’. आत दोन डबे होते, ‘हो’चा आणि ‘नाही’चा. एक खडा टाकायचा. डब्यांना आतून मी ओलं गोणपाट लावलं होतं, म्हणजे आवाज यायला नको.

“म्हंजे हो टाकला तरी कळणार नाय, खरा का शिंपल्याचा?” हरेशच्या आईने विचारलं. बायजाकाकी, गावातली सगळ्यात खणखणीत आवाजाची बाई.

“मलासुद्धा नाही कळणार, काकी.”

चांगुणाकाकीने पहिल्यांदाच मान वर केली. माझ्याकडे नाही, त्या गोणपाट लावलेल्या डब्यांकडे ती बघत होती.

एकशेब्याण्णव बाया गेल्या. दोन-अडीच तास लागले. काही हसत बाहेर आल्या, काहींनी आत फार वेळ घेतला. माझी आई बाहेर आली तेव्हा तिचं तोंड नेहमीसारखं होतं. मी तिला शिंपल्याचं विचारलं नाही.

खडे हरेशने स्वतः मोजले. हो एकशेतेहतीस. नाही एकोणसाठ.

“एकशेब्याण्णवचे अर्धे शहाण्णव,” मी भिंतीवर खडूने लिहिलं. “तेवढे ‘हो’ शिंपल्याचे धरा, ते बाजूला. उरले सदतीस हो आणि एकोणसाठ नाही. म्हणजे खरं सांगणाऱ्या शहाण्णव घरांत सदतीस. शंभरात अडतीस. अख्ख्या गावात चौऱ्याहत्तरच्या आसपास. शिंपल्याची चूकभूल अगदी वाईट धरली तरी पन्नासेक घरं.”

  प्रत्येकजण मनात घरं मोजत होता आणि कुणालाच पन्नास घरांची नावं येत नव्हती. येणारही नव्हती. काकीच्या आधीच्या काटेवाल्या बाईने आणि तिच्या आधीच्या बाईने ती नावं कुठे ठेवली ते त्यांच्याबरोबर गेलं होतं. आम्ही पुण्यात वीस जणांनी मिळून जी गोष्ट आठ वर्षांत बांधली, ती या बायकांनी दोन पाट्या, एक मोजणी आणि ओलं गोणपाट यांवर किती पिढ्या चालवली होती! त्यांच्या पद्धतीत ‘नितळ’सारखी फटही नव्हती, कारण काहीच लिहिलेलं नव्हतं.

“माहेरचे एवढे नसतात कुणाला,” तांडेल म्हणाला, आणि कुठेतरी हसू फुटलं.

बाहेर पहिल्या होडीचा भोंगा वाजला. लोक उठू लागले. सभा संपली असं कुणी म्हटलं नाही. चांगुणाकाकी गुडघ्यावर हात देत उठली, पेटीवर जाऊन बसली आणि तिने काटा शून्यावर आणला.

हरेश आपल्या आईजवळ थांबला. “आई, तू काय टाकलंस?”

“हो टाकलंय.”

“आपल्याकडे यायची पाटी?”

“शिंपलं पालथं पडलं रं,” बायजाकाकी म्हणाली आणि पदर खोचत पाट्यांकडे निघाली. “पालथं पडलं तर हो बोलायचं, असंच सांगितलंन ना तिने?”

हरेश तिच्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मला खरोखरच माहीत नव्हतं.

पाट्या यायला लागल्या. काकीची मोजणी काल एकोणिसावर थांबली होती. “तेरा किलो शंभर. वीस. अकरा किलो आठशे. एकवीस.” हरेश काट्याशेजारी येऊन उभा राहिला आणि पाट्या पुढे सरकवू लागला. बावीस. तेवीस. चोवीस.

पंचविसावी पाटी त्याच्याच होडीची होती. हलवे होते, ताजे, चकाकते. काकीने पाय पुढे केला, पण त्याने आधीच ती डावीकडे ओढली होती.

“काकी,” तो हळू आवाजात म्हणाला, “कुठल्या दाराला?”

चांगुणाकाकीने शेजारचं ओलं गोणपाट उचललं आणि त्याच्या हातात दिलं.

“आधी झाक,” ती म्हणाली.